निद्रिस्त ज्वालामुखीचे प्रमाणपत्र

शिक्षकास शिकवल्यावाचून त्यास शिकवता येत नाही, असे शिक्षणखात्याचे मत असल्याने एटना ज्वालामुखीच्या उतारावरील एका गावचे भूगोलशिक्षक आगातीनो स्पाम्पिनातो यांस, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, 'ज्वालामुखी : ओळख व अध्यापन' या प्रशिक्षणास बसणे प्राप्त झाले. प्रमाणपत्र न मिळाल्यास वर्ग काढून घेऊन त्यांस ग्रंथालयातील कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यास नेमण्यात येणार होते. तीस वर्षे ते खिडकीतून डोंगर दाखवून शिकवीत आले होते, आणि ग्रंथालयास खिडकी नव्हती.

राजधानीहून आलेल्या प्रशिक्षिका एर्सिलियाबाईंनी प्रथम खिडक्यांची झडपे लावून घेतली, कारण उजेडात पडद्यावरील ज्वालामुखी दिसेना. तिसऱ्या तासाला तावदाने थरथरू लागली. बाईंनी पडद्याचा आवाज कमी केला. थरथर थांबली नाही, तेव्हा त्यांनी यंत्रच बंद केले. तरीही थांबली नाही.

इतक्यात शाळेची शिपाईण नुन्त्सियाता छत्री घेऊन दारात आली. छत्रीवरून काळी वाळू ओघळत होती. गावात डोंगराला आई म्हणण्याचा प्रघात आहे.

"मास्तर, आई उठलीय. छपरं झाडायला चला, नाहीतर बसतील खाली."

हजेरीपत्रकात बाहेर जाण्यास रकाना नसल्याचे बाईंनी निदर्शनास आणले व प्रश्नपत्रिका वाटल्या. सातवा प्रश्न होता : आपल्या परिसरातील ज्वालामुखीची सद्यःस्थिती सांगा. प्रशिक्षणाची पुस्तिका दुसऱ्या प्रांतासाठी तयार झालेली असल्याने मान्य उत्तर एकच होते : निद्रिस्त.

आगातीनोंनी नम्रपणे हात वर केला. "बाई, तो जागा आहे हो."

"असेल. पण पुस्तिका मंजूर झालेली आहे, मास्तर. डोंगर कुठे झालाय?"

छपराच्या फटीतून उत्तरपत्रिकेवर वाळूची चिमूट पडली. आगातीनोंना कपाटे आठवली, किल्ल्या आठवल्या. त्यांनी फुंकर मारून वाळू उडवली आणि 'निद्रिस्त' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. ते प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.

दुसऱ्या दिवशी मुले छत्र्या मिटून वर्गात बसली. आगातीनोंनी सातवा प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरील रोझालियाने खिडकीतून वर उसळणारे लाल कारंजे नीट पाहून घेतले, मग मास्तरांकडे पाहिले.

"परीक्षेत काय लिहायचं, मास्तर?"

आगातीनो उठले, आणि ज्या खिडकीसाठी एवढे केले होते, तिचे झडप त्यांनी ओढून घेतले.

त्यांस हसण्यापूर्वी वाचकांनी आपापले प्रमाणपत्र एकवार काढून पाहावे. आपणही उत्तीर्णच झालो होतो.