बारा बोये आणि परतीचा प्रवाह

शनिवारी सकाळी संशोधन केंद्रातल्या पडद्यावर बारा पिवळे ठिपके होते आणि बाराच्या बारा दक्षिणेला निघाले होते. एकही मागे वळायला तयार नव्हता. परतीसाहेबांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला आणि शेवटी स्वतःचं कपाळ पुसलं.

परतीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी या किनाऱ्यालगत एक प्रवाह शोधला आणि ऑफिसने त्यांचं बारसं केलं. काम तसं साधं होतं. दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात, दीपगृहासमोर ठरलेल्या जागी, होडीतून बारा बोये, म्हणजे तरंगती यंत्रं, पाण्यात सोडायचे. बोया पाण्याबरोबर वाहत जातो आणि सकाळ-संध्याकाळ आपला ठावठिकाणा कळवतो. त्यावरून यंदाचा प्रवाह गेल्या वर्षीपेक्षा किती बदलला ते काढायचं. जगभर वाहून गेलेला बोया वाहूनच जातो. इथे मात्र सकाळी दूर दिसलेल्या बोयांपैकी पाच-सहा संध्याकाळी सोडल्या जागी मुकाट हजर असायचे! हाच तो परतीचा प्रवाह.

प्रवाह लहरी होता. चौथ्या वर्षी तो क्षीण झाला, सहाव्या वर्षी आठवडाभर गायब झाला आणि रविवारी तर कधी वाहायचाच नाही. या सगळ्याची कारणं परतीसाहेबांनी वाऱ्यात, पाण्याच्या खारटपणात आणि अगदीच अडलं तेव्हा चंद्रात शोधून काढली होती. नऊ वर्षांत नऊ निबंध झाले. प्रत्येकावर पहिलं नाव संचालकांचं होतं, कारण पंखा आणि टेबल त्यांनी दिलं होतं. आता सोमवारी परतीसाहेब विभागप्रमुख होणार होते आणि नेमका आत्ताच प्रवाहाने दगा दिला होता.

"म्हणजे प्रवाह बंद पडला?" संचालकांनी विचारलं.

"लगेच तसं म्हणता येणार नाही, सर. अजून चार-सहा दिवस बघू—"

"बंद पडला," संचालक म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

दुपारपर्यंत बातमी मुख्य कार्यालयात पोचली. संध्याकाळी नगरपालिकेने किनाऱ्यावरचे बाक आत घ्यायचे का, अशी विचारणा केली. रविवारी सकाळी बायकोने वर्तमानपत्र पुढे केलं.

"अहो, तुमचा प्रवाह पेपरात आलाय. फोटोसकट."

"नऊ वर्षं कुणी विचारलं नाही त्याला."

"माणसांचंही तसंच असतं. गेल्यावर छापतात."

तेवढ्यात संचालकांचा फोन आला. सोमवारी अकराला चौकशी समिती येणार होती. "समितीपुढे एखाद्या जुन्या दर्यावर्दी माणसाचा अनुभव ठेवा. 'असं आयुष्यात पाहिलं नव्हतं' वगैरे. आजच लिहून आणा."

जुना दर्यावर्दी म्हटल्यावर परतीसाहेबांना एकच माणूस आठवला. गेली नऊ वर्षं त्यांना बोये सोडायला नेणारा होडीवाला. यंदा कारकुनाने दुसरीच होडी ठरवली होती. होडीवाले काका का आले नाहीत, हे विचारायचं परतीसाहेबांना सुचलंही नव्हतं.

काकांच्या घरी गेल्यावर कारण दारातच दिसलं. काकांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तो स्टुलावर ठेवून ते जाळं विणत बसले होते. परतीसाहेबांना पाहून ते ओशाळले.

"साहेब, तोंड दाखवायला जागा नाही मला. यंदा तुमची सेवा राहिली."

"अहो, होडी मिळाली की दुसरी."

"सोडायला मिळाली हो. पण परत कोण आणतंय?"

परतीसाहेबांच्या हातातलं पेन थांबलं. "परत... काय आणायचं?"

"तुमचे बोये! तुम्ही एवढं मोजून-मापून एका जागी सोडायचात आणि ती कार्टी निघाली वाहत. पहिल्याच वर्षी माझ्या जिवाला लागलं. म्हटलं, सरकारी माल आहे, आपल्याच होडीतून गेलाय. मग दुपारी मासे उतरवून झाले की जायचो शोधायला. दिसतील तेवढे आणून पुन्हा जागेवर सोडायचो. सगळे नाही सापडायचे, साहेब. खोटं कशाला बोलू? पाच-सहाच."

"आणि रविवारी?"

"रविवारी सुट्टी," आतून काकू म्हणाल्या. "तेवढी तरी नको का माणसाला?"

परतीसाहेब खुर्चीत खाली खाली सरकत गेले. "काकू, चौथ्या वर्षी काय झालं होतं?"

"इंजिन बिघडलेलं. दोनच बोये आणायचे कसेबसे."

"सहाव्या वर्षी?"

"मोठीचं लग्न. तरी मांडवातून निघाले होते. मीच हाताला धरून बसवलं."

ज्या लग्नाचं खापर त्यांनी चंद्रावर फोडलं होतं, ते इतक्या जवळ झालं होतं. परतीसाहेबांना रडावंसं वाटलं.

"मला कधी बोलला नाहीत, काका."

"आपण केलेलं आपणच काय सांगायचं?" काका लाजून म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पण साहेब, उपयोग झाला ना थोडाफार?"

नऊ वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती आणि ती घालवणारा माणूस समोर लहान मुलासारखा शाबासकीची वाट बघत होता. परतीसाहेबांना त्याचा रागही येईना.

"फार झाला," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय काहीच झालं नसतं."

सोमवारी पावणेअकराला ते संचालकांच्या खोलीत शिरले. मनाशी पक्कं झालं होतं. विभागप्रमुखपद गेलं तर जाऊ दे. एका दमात त्यांनी सगळं सांगितलं. इंजिन, लग्न, रविवार, मोडलेला पाय, काही म्हणून लपवलं नाही.

"प्रवाह बंद पडलेला नाही, सर. तो कधी नव्हताच. यंदाचीच मोजणी काय ती खरी. आपण समितीला स्पष्ट सांगून टाकू आणि यंदा पहिलं वर्ष धरून नव्याने सुरुवात करू."

संचालकांची नजर कपाटातल्या नऊ निबंधांवरून फिरली. नऊच्या नऊंवर त्यांचं नाव आधी होतं. बाहेर समितीची गाडी थांबल्याचा आणि दारं आपटल्याचा आवाज आला. संचालकांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं, परतीसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय आपुलकीने विचारलं,

"त्या काकांचं प्लास्टर कधी निघतंय?"