बाबांसाठी निवडलेली होडी

निवडीच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. मालाडच्या आमच्या इमारतीत फ्रिज घ्यायचा असो की मुलीसाठी स्थळ बघायचं असो, आधी मला विचारतात. त्यामुळे बाबांसाठी शिडाची होडी निवडायची वेळ आली, तेव्हा मी अजिबात घाबरले नाही.

बाबा मालवणकडचे. आई गेल्यापासून दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलायचे. त्यातलं एक परवा निघालं, "एकदा शिडाच्या होडयेचा सुकाणू हातात धरूचा आसा."

मढच्या डेनिसकडे भाड्याच्या दोन होड्या होत्या. एक सपाट बुडाची, शिंकलं तरी डुलणारी. दुसरीच्या पोटाखाली पाण्यात खोल जाणारा लोखंडी कणा. ती कपाटासारखी स्थिर.

"माका ती डुलता ती बरी दिसता," बाबा म्हणाले.

"आणि तुमचे गुडघे? आपली गरज बघून घ्यायची असते, बाबा. डेनिस, ही कण्याची दे."

"झकास चॉइस, मॅडम." सपाट निवडली असती तरी तो हेच म्हणाला असता.

"ओहोटी कधी आहे?"

"खूप टाइम आहे. मोबाइलवर बघितलं ना मी."

त्याने उद्याची वेळ बघितली होती.

खाडीच्या तोंडाशीच कणा चिखलात रुतला. पाणी उतरत गेलं तशी होडी कलत गेली आणि आम्ही तिघं गोणीतल्या बटाट्यांसारखे एका बाजूला गोळा झालो. फेरीबोटीतल्या लोकांनी हात वर केले म्हणून मीही हात हलवला. मग कळलं, ते आमचा व्हिडिओ काढत होते.

"डेनिस, काहीतरी कर ना रे."

"भरती येईल ना, मॅडम. संध्याकाळी."

मला रडूच आलं. या माणसाने इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली आणि मी त्याला भर उन्हात तिरपं टांगून ठेवलं. बाबांनी सुकाणू घट्ट धरलं होतं. पडू नये म्हणून.

अखेर पाणी चढलं, होडी सरळ झाली.

"बाबा, आता चालवा ना."

"घराक चल."

रात्री बाबा जेवलेही नाहीत. संपलं सगळं, असं मला वाटलं.

सकाळी उठून बघते तर बाबा फोनवर डेनिसला फैलावर घेत होते. भरती, वारा, शिडाची दोरी, काही म्हणून सोडलं नाही. दुपारी आम्ही पुन्हा मढला. ते डेनिससोबत त्या डुलणाऱ्या होडीत बसले, सुकाणू हातात घेतलं. मी चढायला पाय उचलला.

"तू येव नको," बाबा म्हणाले. "होडी जड होतली."

शीड फुगलं, होडी निघाली. मी किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीशेजारी त्यांच्या चपला सांभाळत बसले.