धर्माकाकांचा वजनकाटा

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीतले धर्माकाका म्हात्रे कुठलीही वस्तू तोलल्याशिवाय विकत घेत नाहीत. चपलासुद्धा. शर्टाच्या खिशात हुकाचा छोटा वजनकाटा कायम असतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला आणि तिथून त्यांनी एकच तत्त्वज्ञान घरी आणलं, "जड हाय तेच खरं हाय." माझ्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी आधी हातावर तोलली, मगच वाचली. "पार्टी चांगली हाय," म्हणाले.

मध्यंतरी एका रविवारी त्यांच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज वाटणारा तो पंखेवाला खोका, धूर काढून मेला. काकी तेव्हा अलिबागच्या बहिणीशी बोलत होत्या. दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे गप्पा सगळ्या हातांनी. मोबाइलच्या एवढ्याशा काचेत हात मावत नाहीत, म्हणून हा मोठा पडदा. बहीण गपकन नाहीशी झाली आणि काकींचे हात हवेतच राहिले.

"पुढच्या रविवारी चालू पायजे म्हंजे पायजे," काका माझ्या दारात येऊन म्हणाले. मी महाप्याला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे, म्हणून मला वाशीच्या दुकानात नेलं. सल्ल्याला नाही, पिशवी धरायला.

दुकानात त्यांनी एकेक पॉवर सप्लाय हुकाला लटकवायला सुरुवात केली.

"काका, सुरमई नाय ती," दुकानदार म्हणाला. "वॅट बघून घेतात."

"वॅट तुमी छापलेले. वजन देवानं दिलेलं."

मागची गिऱ्हाइकं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. मी हळूच सुचवलं की पिशवीतून आणलेला जळालेला खोका आधी उघडून तरी बघू. तोही काकांनीच निवडलेला, दुकानातला सगळ्यात जड. दुकानदारानं स्क्रू काढले, तर आत कोपऱ्यात लोखंडाची जाडजूड पट्टी चिकटवलेली. काम काही नाही, निव्वळ वजनाला.

काका बघतच राहिले. "भंगाराखाली दगड घालनारे कितीक पकडले मी," ते म्हणाले, "आनि हा माझ्याच घरात वर्षभर बसला." आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. काकाही हसले, मग काटा खिशात घालून एकदम हळू आवाजात म्हणाले, "आता तू बोल. मधेच बंद पडनार नाय, असा दे."

मी गरजेपेक्षा थोडे जास्त वॅट, लांब वॉरंटी आणि भरवशाची कंपनी बघून एक निवडला. तो हलका निघाला. काकांनी तो उचलून बघायचा मोह कसाबसा आवरला.

रविवारी सकाळी मी तो बसवला. पडदा उजळला, बहीण दिसली आणि काकींचे हात जे सुटले ते थांबेनात. मासळी, सुना, गुडघे, काय काय निघालं असेल देव जाणे. काकी पोट धरून हसत होत्या. एरवी अखंड बडबडणारे काका मात्र दाराशी गप्प उभे होते.

"काय बोलतायत?" मी विचारलं.

"मला थोडंच कलतं. जेवन, पानी, गोली, एवढंच शिकलो मी," ते म्हणाले. "माझ्याशी ती एवढं कवा बोलतच नाय रे."

मला फार वाईट वाटलं. काकींनी हवेत काहीतरी गोल काढलं आणि बहीण खळाळून हसली. काकांनी इकडेतिकडे बघितलं, आणि दाराआड, कोणाला दिसणार नाही असा, स्वतःचा हात तसाच फिरवून पाहिला.