शब्बीरभाईंचा थायलंडी नरक

इंदापुरात बसून नरक बघायचा असेल, तर रविवारी दुपारी जेवण उरकून शब्बीरभाईंच्या गादी कारखान्यात जावं. चप्पल बाहेर काढावी, पाय पायपुसण्यावर नीट पुसावेत आणि समोर जी नवी गादी रिकामी दिसेल तिच्यावर खुशाल आडवं व्हावं. भिंतीवरच्या टीव्हीत आत्मे उकळत्या काहिलीतून हात वर करून ओरडत असतात आणि आपण ताज्या पिंजलेल्या कापसावर लोळत असतो. एवढ्या सुखात नरक बघायची सोय पुण्यातसुद्धा नसेल.

भाई माझे शेजारी. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, कापूस पिंजायचं मशीन आणि स्वतः भाई. साठी ओलांडलेला उंच, काटकुळा माणूस. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस, कानाच्या पाळीवरही कापूस. मशीन सुरू असलं की त्या पांढऱ्या धुरळ्यात भाई दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. पण काय आवाज! तसा गळा देवानं मला दिला असता, तर मी जन्मभर लोकांचे सातबारे झेरॉक्स करत बसलो नसतो.

नव्या गादीवर लोकांना लोळू देता, मळत नाही का, असं मी एकदा विचारलं. भाई म्हणाले, "गादी बसून कळत न्हाय, झोपून कळती. आन् मानूस भ्याला की आख्ख्या अंगाचा भार टाकतो. कुठं खड्डा पडतोय ते तवाच दिसतं." म्हणजे आम्ही सिनेमा बघत होतो आणि भाई गाद्या तपासत होते. हा धंदा की करमणूक हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सिनेमा थायलंडचा. भाईंनी बारामतीहून जुना टीव्ही आणला, त्याच्या पाठीत एक पेन ड्राइव्ह विसरलेला होता. त्यात हा एकच सिनेमा. तो थायलंडचा हेसुद्धा आम्हाला कळलं नसतं, पण नानांचा जावई कंपनीच्या खर्चानं तिकडं जाऊन आला होता, त्यानं अक्षरं ओळखली. नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दर रविवारी पहिली गादी त्यांची आणि भाईंची पहिली खोडी काढणारेही तेच.

सिनेमा काढणाऱ्यांकडं पैसे नव्हते, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. नरकाच्या ज्वाळा म्हणजे लालपिवळं कापड आणि त्यामागं पंखा. यमदूतांची शिंगं पुठ्ठ्याची. एकाचं शिंग भाला उचलताना वाकतं आणि तो ते हळूच सरळ करतो. आत्मेही मोजकेच. तेच आत्मे टॉवेल बदलून पुन्हा पुन्हा समोरून जातात. आत्मे उकळायची काहील पाहिली तेव्हा आमच्यातले ऊसवाले एकदम उठून बसले होते. गुऱ्हाळात गूळ शिजवायची असते, हुबेहूब तीच.

त्या भाषेतला एक शब्द कुणाला कळत नव्हता, भाईंनाही नाही. पण कापूस झोडायची काठी हातात घेऊन ते टीव्हीशेजारी उभे राहिले की सगळा नरक आमच्या तालुक्याचं मराठी बोलू लागायचा. यमदूत भाईच, आत्मेही भाईच, मागचं संगीतही बरंचसं भाईच. आता आमचा दोजख वेगळा आणि तुमचा नरक वेगळा, हे ते आधीच सांगून टाकायचे. "ह्यो तिसरा हाय, थायलंडवाल्यांचा. पर गुन्हे सगळीकडं सारकेच असत्यात."

गुन्हे मात्र सगळे भाईंनी वाटलेले. काहिलीत बसलेला जाड्या दुधात पाणी घालणारा. जीभ ओढली जाते ती बाई दोन घरांत भांडण लावणारी. आणि सगळ्यात भयंकर शिक्षा, म्हणजे करवतीनं मधोमध चिरणं, ती भाईंनी फोमच्या गाद्या विकणाऱ्याला दिली होती.

"भाई, फोमसाठी मानूस चिरत्यात व्हय?" नाना पडल्या पडल्या विचारायचे.

"लोकांच्या कंबरा मोडल्या नं त्येनं? मंग त्येची बी मोडली. आता गप बघा."

त्या सिनेमात एक काटेरी झाड आहे. खोडाला बोटभर काटे, आणि आत्म्यांना त्याच्यावर चढायला लावतात. खाली यमदूत भाला टोचत उभा. ते झाड पहिल्यांदा दिसलं तेव्हा भाईंनी यमदूताचं वाक्य अर्ध्यातच सोडलं. मग जवळ जाऊन पडद्यावर काठी टेकवून म्हणाले, "आरं, ही तर शेवरी!" शेवरीच्या बोंडांतला कापूस उशीत भरतात. दर उन्हाळ्यात भाई नरसिंहपुराकडं जाऊन तो गोळा करून आणतात आणि पोती उतरवताना लग्नातल्या मुलीसारखी उतरवतात. त्यांना भारीच राग आला. "ज्या झाडानं उशी दिली त्येच्यावर मानसं चढवायची? नरक बांधनाराला झाडाची पारख न्हाय."

त्या झाडावर हिरवं लुगडंवजा काहीतरी गुंडाळलेली एक बाई आहे. तिला संवाद नाही. ती चढत राहते आणि एकदा मागं वळून बघते, एवढंच तिचं काम.

तिच्याबद्दल विचारलं ते पारूआक्कानं. आक्का शेळगावची. रविवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची आणि दुपारचं ऊन टाळायला टोपली घेऊन कारखान्यात यायची. बोलणं कमी. त्या दिवशी मात्र ती एकदम म्हणाली, "हिनं काय केलं व्हतं वो, भाई?"

इतरांचे गुन्हे सांगायला भाईंना क्षण लागत नसे. आक्काकडं मात्र त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "हिनं? हिनं काय बी केलं न्हाय."

"मंग हितं कशी?"

"चुकून आणली. एकाच नावाच्या दोन बाया व्हत्या. वरच्या कारकुनाची जेवायची सुट्टी झालेली, त्येनं गडबडीत हिचाच कागद पुढं ढकलला. आता हिनं अर्ज दिलाय. चौकशी चालू हाय." आणि टीव्ही बंद करून ओरडले, "चला, चहा!"

त्या दिवसापासून सिनेमा तिथंच संपायचा. त्याआधीही दरवेळी कुणाचं तरी गिऱ्हाईक येऊन सिनेमा अर्धाच राहायचा, त्यामुळं शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही. आक्का दर रविवारी चौकशी कुठवर आली ते विचारायची आणि भाई तितक्याच गंभीरपणे सांगायचे. साहेब रजेवर आहे. फाइल दुसऱ्या टेबलाला गेली. एकदा तर माझ्याकडं काठी करून म्हणाले, "तिचे कागद ह्यांनीच झेरॉक्स करून दिलेत." आक्कानं माझ्याकडं अशा काही मायेनं पाहिलं की नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुढं एकदा जुड्या बांधता बांधता आक्कानंच सांगितलं. तिची धाकटी बहीण, नंदा. नवरा पिऊन मारायचा. एक दिवस ती निघून आली आणि हायवेवरच्या एका ट्रक ड्रायव्हरबरोबर तिनं इथं इंदापुरात संसार थाटला. माणूस चांगला होता. पण पहिल्याच बाळंतपणात नंदा गेली. गावातलं कुणी तिच्या मातीला आलं नाही. वर म्हणाले, असल्या बाईला मेल्यावरही सुटका नसते. हे आम्हाला तेव्हा कळलं. भाईंना ते त्या पहिल्या दिवशी आक्काच्या नुसत्या विचारण्यावरून कसं कळलं, देव जाणे. माणूस ओळखायची ही कला शाळेत शिकवत नाहीत, आणि मला तर ती म्हातारपणीही यायची नाही.

सगळं असंच चालायचं, पण नाना मोबाइलवर काहीबाही शोधत असतात. एका रविवारी ते आले ते नाचतच. तोच सिनेमा त्यांना सापडला होता आणि खाली हिंदीत अक्षरं! नानांनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि जाहीर केलं, "आज भाईंचं तिकीट चेक हुनार."

भाई काठी घेऊन नुसते उभे. नाना कंडक्टरच्या खणखणीत आवाजात वाचू लागले. काहिलीतला जाड्या निघाला खाटीक. जीभ ओढलेली बाई खोटी साक्ष देणारी. फोमवाला तर चक्क राजा निघाला! आम्ही गाद्यांवर लोळून हसत होतो. भाई म्हणाले, "खालचं लिवनाराला भाषा येत न्हाय," तेव्हा तर नानांना उचकी लागली.

मग शेवरी आली.

खाली अक्षरं उमटली. मी वाचली, सगळ्यांनीच वाचली. ह्या बाईनं नवरा सोडला, दुसऱ्याशी संसार केला, म्हणून हे झाड. हसू जागच्या जागी थांबलं. नानांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. वाचायला येत नव्हतं ते एकट्या आक्कालाच, आणि ती नानांच्या तोंडाकडं बघत होती.

"काय लिवलंय वो, नाना?"

नानांनी घसा खाकरला. "लिवलंय... चुकून आणलीया म्हनून. नावाचा घोटाळा. भाई सांगत्यात तसंच हाय बगा."

उभ्या आयुष्यात नानांनी भाईंचं म्हणणं मान्य केलं ते हे एकदाच. पण सिनेमा थांबवायचं त्यांना जमेना. मोबाइलवर बोटं आपटत राहिले आणि आम्ही कधी न पाहिलेला शेवट समोर आला. ती बाई झाडाच्या शेंड्याला पोचली. वर काहीच नव्हतं, खाली भाला तसाच उभा होता. मग काळोख झाला आणि नावं वर सरकू लागली.

"उतरली का?" आक्कानं विचारलं.

आम्ही सगळ्यांनी भाईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता भाई साहेबाची सही आणतील, वरून हुकूम आणतील, काहीही करून बाईला खाली आणतील. भाईंनी काठी भिंतीला लावली, आक्कासमोर खाली फरशीवर बसले आणि स्वतःच्या आवाजात बोलले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. फार बारीक होता.

"न्हाय आक्का. शिनेमात न्हाय उतरली. मी आपला रचून सांगत व्हतो तुमाला." मग म्हणाले, "पर तिनं काय केलं न्हाय, ते मी शिनेमातलं सांगत नव्हतो."

आक्कानं टोपली पुढ्यात ओढली, उरलेल्या जुड्यांवर ओलं फडकं नीट पसरलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाला येवढं कळतं. पर शेळगावात आजवर एकानं बी म्हनलं न्हाय तसं. तेवढं आयकायला तर येते मी, भाई."