कुसुमताईंचं तेलुगू

यादगिरी सरांनी फोनवर सुरुवात हिंदीतच केली होती. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्यात कुणाचा वाटा किती हे ज्याचं त्याने ठरवावं.

"अम्मा, आपके युवराज का वजन..."

"सर, नाकु तेलुगु वच्चु," कुसुमताई मध्येच म्हणाल्या. मला तेलुगू येतं.

हे वाक्य त्या फार सुरेख म्हणत. लग्न होऊन परभणीकडून इकडे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्याला आल्या तेव्हा पहिल्यांदा हेच शिकल्या, आणि ते इतकं अस्सल जमलं की समोरचा त्यानंतर हातचं काही न राखता बोलत सुटे. मग कुसुमताई ओळखीचे शब्द वेचून घेत आणि मधल्या जागा अंदाजाने भरत. भाजी, दूध, गॅसवाला, एवढ्या व्यवहारात अंदाज कधी चुकला नव्हता. त्यांचे यजमान आबासाहेब तर इथेच जन्मलेले, कोठी भागात शाळेच्या पुस्तकांचं दुकान; पण त्यांचं सगळं आयुष्य दखनी हिंदीवर निघालं होतं. युवराजला तेलुगू फर्डं येई. पण मुलाला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करायचं.

यादगिरी सर सैन्यातले निवृत्त हवालदार. तारनाक्याच्या मैदानावर ते पहाटे भरतीच्या मुलांना पळवत. युवराज लेखी परीक्षा पास झाला होता. आता पळणं, पुल-अप्स आणि वजन. पळण्याचं भागलं असतं. उंचीच्या मानाने वजन पाच किलो जास्त होतं, आणि हातात एक महिना. पुढच्या भरतीला वय बसत नव्हतं, म्हणजे हीच काय ती संधी.

त्याने पहिल्यांदा घरी भरतीचं सांगितलं तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या, "दुसरं काहीच मिळंना का रे तुला?" एवढंच. नंतर त्यांनी तोंड मिटलं होतं आणि पोळीला तूप लावणं बंद केलं होतं. 

तर सर खूश होऊन तेलुगूत शिरले. बरंच बोलले. शेवटी एक वाक्य ठासून म्हणाले, "अम्मा, बरुवु पेरगकूडदु."

"सरे, सरे," कुसुमताई म्हणाल्या. बरं, बरं.

*

बरुवु : वजन. (कुसुमताईंना येतं.)

पेरुगु : दही. (येतं.)

कूडु : भात. जुन्या कामवालीच्या तोंडचा शब्द. (येतं.)

पेरगकूडदु : वाढता कामा नये. (येत नाही.)

सर म्हणाले ते चौथं. कुसुमताईंनी ऐकलं ते दुसरं आणि तिसरं.

*

"वजनासाठी दहीभात सांगितलाय सरांनी," त्यांनी जाहीर केलं.

"भातानं वजन उतरतं?" आबासाहेब म्हणाले.

"मिलिटरीत शिकलेला माणूस हाय. तुमच्यापेक्षा कळत असंल."

युवराजने मुळीच शंका घेतली नाही. एक तर सरांना प्रश्न विचारायची मैदानावर पद्धत नव्हती. आणि दुसरं म्हणजे, त्याला दहीभात फार आवडे. म्हशीचं दूध वाढवलं गेलं. दह्याचं पातेलं बदलून मोठं आलं. सकाळी पळून आल्यावर दहीभात, दुपारी दहीभात, रात्री वरून मिरचीची फोडणी. 

मैदानावर काय झालं ते कुसुमताईंना नंतर कळलं, पण आपल्याला थांबायचं कारण नाही. सरांनी युवराजला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे वाकून पाहिलं.

"क्या खा रा रे?"

"आप बोले वोइच, सर."

"मैं बोला?"

"हौ सर."

एवढ्या पोरांसमोर उलट उत्तर म्हणजे फारच झालं. सरांनी त्याला जादा चकरा दिल्या. जादा चकरांनी जादा भूक लागली, आणि घरी पातेलं तयारच होतं. पुढच्या वेळी काटा आणखी सरकला. सरांनी आणखी चकरा दिल्या. युवराज आणखी जेवला. इमानदारीने चाललेलं असं काम मध्येच थांबत नसतं.

शेवटी सरांनी घरी फोन केला. कुसुमताई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, म्हणून आबासाहेबांनी उचलला. या घरात तेलुगू कळतं हे सरांना ठाऊक होतं. ते चिडून म्हणाले, "बरुवु पेरुगुतोंदि. चालु, चालु."

वजन वाढतंय. पुरे, पुरे.

"हौ, हौ," आबासाहेब म्हणाले.

कुसुमताई खाली आल्या. "काय म्हणत होते सर?"

"मला काय कळतंय. पण ते पेरुगु म्हणाले. दही ना?"

"दहीच. अन् पुढं?"

"चालू. दोनदा म्हणाले, चालू, चालू."

तेलुगूतलं 'चालु' कुसुमताईंना पाठ होतं. भाजीवाली जास्त घालायला लागली की त्या रोज तेच म्हणत. पण आबासाहेबांच्या तोंडून ते मराठी होऊन बाहेर पडलं होतं. कुसुमताईंनी दुसऱ्या सकाळपासून दुधाची आणखी एक पिशवी लावली.

*

रविवारी सर स्वतःच आले. पायऱ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज ऐकूनच युवराज उठून उभा राहिला. कुसुमताईंनी मात्र आनंदाने सरांसमोर ताट ठेवलं. मऊ भात, घट्ट दही, वर मोहरी-मिरची.

"ये क्या है, अम्मा?"

"आप बोले सो. पेरुगु, कूडु."

सरांनी ते दोन शब्द मनात एकदा सुटे म्हटले. मग जोडून म्हटले. मग त्यांनी हातातला चमचा सावकाश ताटात ठेवला.

"अम्मा," ते स्वच्छ हिंदीत म्हणाले, "मैं बोला था, वजन बढ़ना नहीं मंगता."

आबासाहेब आपल्या ताटातला घास तोंडात न्यावा की ठेवावा या विचारात होते. त्यांनी नेला.

"तू मुद्दाम केलंस," युवराज म्हणाला. "तुला पहिल्यापासून नकोच होतं मी गेलेलं."

कुसुमताईंनी पदराने हात पुसले. ते कोरडेच होते. "नको वाटतंय, हे खरं हाय. पण तुला अडवायचंच असतं तर मी रडले असते रे. घरच्या घरी, बिनखर्चात. एवढं दही कशाला लावत बसले असते?"

सर खाली मान घालून जेवू लागले. समोर आलेलं अन्न टाकायचं नाही असा त्यांचा नियम होता, आणि दही खरोखर उत्तम लागलं होतं. उठताना ते म्हणाले, "आज से इस घर में तेलुगू बंद. मैं मराठी सीखता. आपकी तेलुगू से मेरेकू डर लगता."

उरलेल्या दिवसांत युवराजने मटकी, काकडी आणि सरांच्या शिव्या यांवर दिवस काढले. पळताना तो सरांना मराठी शिकवी. पोरगा. घर. आला. गेला. फ्रिजची किल्ली कुसुमताईंनी गळ्यात घातली. दही लावायची सवय लागली होती, ती लगेच सुटेना. वाया जाऊ नये म्हणून ते आबासाहेब संपवत. त्यांच्या पँटची हुकं एकेक करून निकामी झाली.

*

भरतीच्या दिवशी आईबापांना आत सोडत नव्हते. सर फाटकापाशी उभे होते. कुसुमताई घरी, फोन मांडीवर घेऊन. पळण्यात युवराज पास झाला असेल याची त्यांना खात्री होती. पण काटा. त्या काट्यावर त्यांचं पातेलंही उभं राहणार होतं.

फोन वाजला. सरांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. ते शब्द जुळवत होते.

"अम्मा. तुमचा पोरगा... गेला."

कुसुमताईंच्या हातून फोन निसटला. आबासाहेबांनी तो उचलून त्यांच्या कानाला लावला.

"सर," कुसुमताई कशाबशा म्हणाल्या, आणि मग तीस वर्षांत जे कधी म्हणाल्या नव्हत्या ते म्हणाल्या. "हिंदी में बोलो."

"वजन में पास, अम्मा. आगे गया. मेडिकल का लैन में खड़ा है. मेरी मराठी गलत?"

कुसुमताईंनी डोळे पुसले. "नहीं सर," त्या म्हणाल्या. "बरोबर है. गया सो गयाच ना."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग आबासाहेब आले, पाटावर बसले आणि ताट ओढून घेतलं. कुसुमताईंनी दह्याचा एक डाव वाढला, दुसरा वाढला. मग त्यांच्या पोटाकडे बघत, सवयीने, अस्सल तेलुगूत म्हणाल्या, "चालु."

"बरं," आबासाहेब म्हणाले, आणि ताट पुढे केलं.

कुसुमताईंनी क्षणभर डाव तसाच धरला. मग वाढलं.