नागभूषण सरांचा पासवर्ड

सुमंगलाने सकाळी लॉग उघडला आणि कॉफीचा पेला तिच्या हातातच राहिला. जयनगरमधल्या त्यांच्या छोट्या कंपनीने शंकरी रुग्णालयासाठी केलेलं सॉफ्टवेअर आपण दिवसभर काय केलं ते लॉगमध्ये इमानदारीने टिपून ठेवायचं. पण इमानदारीलाही काही मर्यादा? लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाचा पासवर्डसुद्धा त्यात धडधडीत लिहिलेला! आणि दुपारी रुग्णालयाच्या तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी नापास केलं की काम हातचं जाणार, आणि सुमंगलाची आज पक्की व्हायची नोकरीही.

"घाबरतेस काय? फुल्या मार!" मालक नागभूषण सर म्हणाले. "पासवर्डातला शब्द लॉगमध्ये जिथे जिथे दिसेल तिथे फुल्या. हाय काय अन् नाय काय!"

तिने तसं केलं. सरांनी स्वतः लॉगिन करून पाहिलं. पासवर्ड गेला, पण रुग्णालयाचं नावही गेलं. ओळीओळीत नुसतं 'फुल्या-फुल्या रुग्णालय'.

शेजारच्या टेबलावर मद्दूर वडा खाणारा पुट्टराजू खो खो हसला. "सर, तुमचा पासवर्ड 'शंकरी' आहे होय?"

"तुला कोणी सांगितलं रे?"

"तुमच्या फुल्यांनीच की!"

"गिऱ्हाइकाचं नाव घेऊन दिवस सुरू करतो. पाप केलं का?" सर कावले आणि त्यांनी पासवर्ड बदलला. जरा वेळाने ते खुर्चीतून उडालेच. "अगं, बघ बघ! सकाळपासून ढीगभर एरर येत होत्या, आता औषधालाही सापडत नाही!"

सुमंगलाने लॉग पाहिला. 'एरर' या शब्दाच्या जागी फुल्याच फुल्या! तिने कपाळाला हात लावला. "सर, नवा पासवर्ड 'एरर' ठेवलात?"

"लक्षात राहतो गं!"

तेवढ्यात खाली गाडी थांबली. "देवा मंजुनाथा! पुट्टराजू, बाईंना खालीच कॉफी पाज, जा!" म्हणत सरांनी घाईघाईत तिसरा, चांगला लांबलचक पासवर्ड ठेवला.

सुमंगला मात्र आता चिडली होती. आधी लिहायचं आणि मग पुसत बसायचं, हा कुठला शहाणपणा? तिने पासवर्ड टिपणारी ओळच काढून टाकली, फुल्याही काढल्या आणि जुने लॉग साफ पुसले.

तपासनीस वसुंधराम्मा वर आल्या. त्यांनी स्वतःच्या पासवर्डने लॉगिन केलं आणि लॉग वरपासून खालपर्यंत चाळला.

"माझा पासवर्ड कुठे लपवलाय?" बाईंनी विचारलं.

"लपवला नाही, मॅडम. लिहिलाच नाही," सुमंगला म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "जिथे जावं तिथे मला फुल्या दाखवतात. तू पहिलीच निघालीस शहाणी! पास."

सुमंगलाला नाचावंसं वाटलं. बाई गेल्यावर सर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता तुझं नोकरीचं पत्र काढतो!" ते ऐटीत संगणकापुढे बसले. दोनदा काहीतरी टाइप केलं, डोकं खाजवलं आणि हळूच विचारलं, "सुमंगला, तो माझा तिसरा पासवर्ड... लॉगमध्ये कुठे दिसतो का गं?"

"नाही सर," सुमंगला अभिमानाने म्हणाली, "आता कुठ्ठेच दिसत नाही!"