रिकामं भांडं परत पाठवू नये

संस्कार कशाला म्हणतात हे ज्याला बघायचं असेल, त्यानं म्हैसूरला विजयनगरात आमच्या घरी यावं! असं मी म्हणत असे. जूनमधल्या पालकसभेत तर माइक हातात घेऊन चांगली वीस मिनिटं म्हणालो होतो. "मुलं घरात शिकतात तेच शाळेत करतात," हे माझं वाक्य मुख्याध्यापिका विशालाक्षी मॅडमनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. ते त्यांनी लिहायला नको होतं.

आमच्या सुदीपला तेव्हा नुकतंच शाळेचा विद्यार्थी-प्रमुख केलं होतं. दहावीतलं पोरगं, शर्टावर पितळी बॅज! रोज सकाळी तो बॅज चिंचेनं घासायचा. आमच्यात पणजोबांपर्यंत कापडं रंगवायचा धंदा होता, आणि त्यांचा रंग म्हणे कधी उतरला नाही. माझा चार महिन्यांत उतरला.

सहामाही परीक्षेत गणिताच्या पेपरला सुदीपला चिठ्ठीसकट पकडलं. शाळेतून फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवत होतो. डबा तसाच बंद करून निघालो. घरी येऊन त्याला समोर उभा केला.

"चिठ्ठी कुणाची?"

"प्रणेशनं टाकली, अप्पा. मी मागितली नव्हती."

"मग गप्प बसायचं!"

"त्यानं दोन गणितं लिहून दिलेली. मोकळीच कशी परत पाठवू? मागच्या बाजूला मला येत होतं ते प्रमेय लिहिलं आणि दिली. तेवढ्यात मिस आल्या."

"अरे गाढवा, परत पाठवायचीच कशाला?"

तो आईकडे बघायला लागला. मीही बघितलं. आमच्या घरातला हा पहिला नियम! शेजारच्या श्रीलक्ष्मीबाईंकडून वाटीभर कोशिंबीर आली, तर वाटी रिकामी परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून जाते. आणि त्या वाट्या पोचवायचं काम सुदीप चार वर्षांचा असल्यापासून करतोय.

"मत्ते, मग पोराचं काय चुकलं?" आमची कुसुमावती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो तर हिनं हातात पिशवी दिली. आत स्टीलचा डबा, डब्यात चिरोटे.

"अगं, मी माफी मागायला चाललोय!"

"म्हणून काय झालं? मोठ्या माणसाकडे मोकळ्या हातानं जायचं होय?"

मी पिशवी घेतली. इथेच मी मेलो.

खरं सांगतो, विशालाक्षी मॅडम भल्या बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोहनराव, मुलानं विचारल्याबरोबर सगळं खरं सांगितलं. या पेपरला शून्य देते आणि विषय संपवते. बॅज राहू दे त्याच्याकडे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हातानं आपलं काम केलं. मी पिशवीतून डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला!

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "एनु सर इदु? हे काय?"

"काही नाही, मॅडम. घरचंच आहे. तुम्ही एवढं केलंत, आम्ही काहीतरी..."

"मी मुलाला सोडलं, त्याचं हे?"

"तसं नव्हे हो! हे घरूनच आणलं होतं!"

"म्हणजे आधीच ठरवून आणलं?"

मी जितका सावरायला गेलो तितका चिखलात रुतलो. "आमच्याकडे पद्धतच आहे, मॅडम! कुणी काही दिलं तर आम्ही कधी फुकट ठेवून घेत नाही!"

त्यांनी ड्रॉवरमधून ती वही काढली. "मुलं घरात शिकतात तेच शाळेत करतात," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "बरोबर बोलला होता तुम्ही. या आता."

मी पळालो. डबा टेबलावरच राहिला, आणि झाकणावर आम्हा नवराबायकोची नावं कोरलेली!

संध्याकाळी शाळेचे शिपाई नागोजीराव तो डबा घेऊन दारात आले. हिनं तो हातात तोलला आणि खुलली. "बघा! मोकळा नाही पाठवला! मी सांगत नव्हते, बाई चांगल्या घरातल्या आहेत!"

झाकण उघडलं. चिरोटे जसेच्या तसे होते. वर एक पत्र होतं. सुदीपला दहा दिवस शाळेत यायला मनाई, आणि विद्यार्थी-प्रमुखाचा बॅज शिपायाच्या हाती द्यावा.

नागोजीराव चपलांकडे बघत उभे राहिले. सुदीप आत गेला, चिंचेनं बॅज घासला, धुतला, पुसला. हिनं चिरोटे ताटात काढले, त्यानं त्याच डब्यात बॅज ठेवला आणि झाकण लावून डबा नागोजीरावांच्या हाती दिला. मला फार वाईट वाटलं. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणाची किंमत पोरानं भरली, आणि वर मलाच विचारलं, "अप्पा, तुम्ही जेवला का?"

याला आता महिना झाला. सुदीप शाळेत जातो, मागच्या बाकावर बसतो. डबा अजून तिकडेच आहे. ही रोज म्हणते, जाऊन घेऊन या, चांगल्या स्टीलचा आहे. माझी छाती होत नाही. मी देवापुढे हात जोडून एवढंच मागतो, की आमचं भांडं एकदाच, फक्त एकदाच, रिकामं परत येऊ दे!